संकेतस्थळावरील फोल्डर सूची व तिचा प्रतिबंध

फोल्डर सूची म्हणजे संकेतस्थळावरील एखाद्या फोल्डरचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला असता, त्यात ठेवलेल्या सर्व फाइलींची नावे दुव्यांसह दाखवणारे पान होय. हे पान कोणी लिहून ठेवलेले नसते. मागणी येताच सर्व्हर ते स्वतः तयार करतो. संगणकक्षेत्रात यास डिरेक्टरी लिस्टिंग किंवा डिरेक्टरी ब्राउझिंग अशी नावे रूढ आहेत.

छायाचित्रांच्या फोल्डरबाबत ही सूची विशेष अडचणीची ठरते. संकेतस्थळाच्या पानांवर निवडून लावलेली चित्रे आणि त्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे साठलेली चित्रे यांत पुष्कळ अंतर असते आणि सूची उघडी असल्यास हे अंतर नाहीसे होते. सूची बंद करणे हे बहुधा एका ओळीचे काम असते. मात्र त्यामुळे केवळ यादी दिसेनाशी होते. चित्रे जागच्या जागी राहतात आणि ज्याला नेमका पत्ता ठाऊक आहे त्याला ती पूर्वीप्रमाणेच उघडता येतात. यादी लपवणे आणि चित्राचे रक्षण करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत हेच या विषयातील बहुतेक चुकांचे मूळ असते.

सूची कशी तयार होते

ब्राउझर जेव्हा एखाद्या चित्राचा संपूर्ण पत्ता मागतो, तेव्हा सर्व्हर ती फाइल शोधून पाठवतो. परंतु पत्त्याच्या शेवटी फाइलीचे नाव नसून केवळ फोल्डरचे नाव व तिरकी रेघ असेल, तर नेमके काय पाठवावे हे सर्व्हरला ठरवावे लागते. त्यासाठी तो प्रथम त्या फोल्डरमध्ये ठरावीक नावाची एखादी फाइल आहे का हे पाहतो. ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ किंवा ‘इंडेक्स डॉट पीएचपी’ ही अशा फाइलींची सर्वांत परिचित नावे होत. अशी फाइल सापडली तर सर्व्हर तीच पाठवतो. संकेतस्थळाचे नुसते नाव टाकले तरी मुखपृष्ठ उघडते, ते याच नियमामुळे.

अशी फाइल नसेल तर सर्व्हरपुढे दोन मार्ग उरतात. एक तर परवानगी नसल्याचे कळवणे, नाहीतर फोल्डरमधील सर्व फाइलींची यादी तयार करून पाठवणे. कोणता मार्ग घ्यायचा हे सर्व्हरच्या विन्यास फाइलीत, म्हणजे त्याने कसे वागावे याच्या सूचना ज्या फाइलीत लिहिलेल्या असतात तिच्यात, ठरवून दिलेले असते.

ग्रंथालयाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. वाचकाने पुस्तकाचे नाव सांगितले की ग्रंथपाल ते पुस्तक आणून देतो. एखाद्या वाचकाने नाव न सांगता केवळ कपाटाचा क्रमांक सांगितला, तर एक ग्रंथपाल त्याला नकार देईल आणि दुसरा कपाटातील प्रत्येक पुस्तकाची यादी त्याच्या हातात ठेवील. दुसऱ्याच्या वागण्यात लबाडी नाही. त्याला तसेच सांगितलेले असते. वाचकांसाठी अद्याप न काढलेली किंवा चुकून तेथे राहिलेली पुस्तकेही त्या यादीत असतात, एवढेच.

अपाचे या सर्व्हरमध्ये यादी तयार करण्याचे काम ‘मॉड-ऑटोइंडेक्स’ हा घटक करतो. त्याने केलेल्या पानाच्या माथ्यावर ‘इंडेक्स ऑफ’ हे शब्द व पुढे फोल्डरचे नाव असते. त्याखाली फाइलीचे नाव, शेवटच्या बदलाची तारीख आणि आकार यांचे रकाने असतात, तर वरच्या फोल्डरकडे जाण्यासाठी ‘पेरेंट डिरेक्टरी’ हा दुवा असतो. रकान्यांची शीर्षके दाबून यादीचा क्रमही बदलता येतो. त्यामुळे सर्वांत अलीकडे चढवलेली फाइल कोणती, हे परक्या माणसाला क्षणात कळते.

पार्श्वभूमी

फोल्डरची यादी दाखवणे हा मुळात दोष नव्हता. वर्ल्ड वाइड वेबच्या आधीपासून फाइलींची देवघेव एफटीपी या पद्धतीने होत असे. तीत फोल्डर उघडणे, यादी पाहणे आणि हवी ती फाइल उतरवून घेणे हाच नेहमीचा क्रम होता. वेबच्या आरंभीच्या सर्व्हरांनी हीच सोय पुढे चालवली. एनसीएसए या अमेरिकी संस्थेच्या सर्व्हरमध्ये ती होती आणि त्याच्याच पायावर १९९५ मध्ये उभ्या राहिलेल्या अपाचेमध्येही ती आली. विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्यापुरत्या असलेल्या त्या काळच्या जाळ्यात उघडी यादी ही सोयच मानली जाई.

आजही अनेक ठिकाणी ती जाणीवपूर्वक उघडी ठेवलेली असते. लिनक्सच्या गाभ्याच्या आवृत्त्या, डेबियनचे संच, तसेच अपाचे प्रतिष्ठानचे जुन्या आवृत्त्यांचे भांडार अशा सूचींमधूनच वाचकांसमोर मांडलेले असते. तेथील प्रत्येक फाइल सर्वांसाठीच असल्यामुळे यादी दिसण्याने कोणाचेही नुकसान होत नाही.

पुढे वेबवर खाजगी मजकूर वाढला, तसा सर्व्हरांचा पवित्रा बदलला. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एन्जिनएक्स या सर्व्हरमध्ये सूची पूर्वनिर्धारितपणे बंद असते. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हरच्या सातव्या आवृत्तीपासूनही ती मुद्दाम चालू करावी लागते. अपाचेच्या २.४ या आवृत्तीत मूळ पर्यायांतून सूची वगळण्यात आली. परंतु सोबत मिळणाऱ्या नमुना विन्यास फाइलीत मुख्य फोल्डरसाठी ती चालू करणारा शब्द राहिला. हा नमुना न बदलता वापरला गेला, की सूची आपोआप उघडी राहते.

चित्रांच्या फोल्डरमधील धोके

संकेतस्थळाचा चालक आपले संकेतस्थळ पानांच्या रूपात पाहतो, तर सर्व्हर तेच फाइलींच्या रूपात पाहतो. एखाद्या शाळेच्या संकेतस्थळावर स्नेहसंमेलनाची दहा छायाचित्रे दिसत असली, तरी निवडीपूर्वी चढवलेली दोनशे छायाचित्रे त्याच फोल्डरमध्ये असू शकतात. पानावरून काढून टाकलेले चित्रही बहुधा फोल्डरमधून जात नाही. कारण पानातून निघतो तो दुवा. फाइल निघत नाही.

मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीत ही गोष्ट स्पष्ट दिसते. चढवलेली चित्रे तेथे ‘अपलोड्स’ या फोल्डरमध्ये वर्ष व महिना यांनुसार लावली जातात. प्रत्येक चित्राच्या लहान आकाराच्या अनेक प्रती आपोआप तयार होतात आणि मूळ प्रतही तेथेच राहते. लेखातून चित्र काढले तरी माध्यमसंग्रहातून ते वेगळे पुसावे लागते. वर्डप्रेसच्या काही अंतर्गत फोल्डरमध्ये सूची टाळण्यासाठी एक जवळजवळ रिकामी ‘इंडेक्स’ फाइल ठेवलेली असते. तिच्यात ‘मौन हेच सोने’ अशा अर्थाच्या एका इंग्रजी टिपणीखेरीज काही नसते. ‘अपलोड्स’मधील वर्ष-महिन्यांच्या फोल्डरना मात्र असे संरक्षण आपोआप मिळत नाही.

सूचीतून उघड होणारी माहिती चित्रांपुरतीच नसते. फाइलींच्या नावांत व्यक्तींची नावे, हजेरी क्रमांक किंवा ‘ओळखपत्र’, ‘सही’ असे शब्द असतात. तारखांवरून घडामोडींचा क्रम लागतो. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात एक्झिफ या पद्धतीने नोंदवलेली वेळ, यंत्राचे नाव आणि क्वचित अक्षांश-रेखांशही असू शकतात. शिवाय चित्रांसाठी म्हणून केलेल्या फोल्डरमध्ये भरलेले अर्ज, ओळखपत्रांच्या प्रती वा माहितीसाठ्याची राखीव प्रत ठेवली गेल्याचेही आढळते.

या सूची शोधणे अवघड नसते. शोधयंत्रांचे स्वयंचलित वाचक दुव्यांवरून चालत राहतात आणि सूची हे तर दुव्यांचेच पान असते. तिच्या शीर्षकातील ठरावीक शब्द शोधयंत्रात टाकले, की अशी पाने समोर येतात. अशा शोधवाक्यांचा मोठा संग्रह जॉनी लाँग यांनी प्रसिद्ध केला आणि ही पद्धत ‘गूगल हॅकिंग’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सुरक्षेतील उणिवांच्या सीडब्ल्यूई या वर्गीकरणात फोल्डर सूचीतून माहिती उघड होण्याला ५४८ हा स्वतंत्र क्रमांक आहे. ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत चुकीच्या विन्यासाला पाचवे स्थान होते आणि त्याच्या उदाहरणांत बंद न केलेली फोल्डर सूची दिलेली आहे.

हार्वर्डमधील घटना, २००३

चित्रांच्या उघड्या फोल्डरचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे आहे. तेथील विद्यार्थ्यांची निवासगृहे आपापल्या रहिवाशांची छायाचित्रे ‘फेसबुक’ या नावाच्या ऑनलाइन परिचयसूचीत ठेवत असत. ऑक्टोबर २००३ च्या अखेरीस मार्क झुकेरबर्ग या विद्यार्थ्याने अशा अनेक निवासगृहांच्या संकेतस्थळांवरून छायाचित्रे उतरवून घेतली आणि त्यांतून ‘फेसमॅश’ हे संकेतस्थळ तयार केले. त्यावर दोन विद्यार्थ्यांची छायाचित्रे शेजारी-शेजारी दाखवून अधिक आकर्षक कोण, असे विचारले जाई.

हे करत असताना त्याने आपल्या ऑनलाइन रोजनिशीत लिहिलेल्या नोंदी पुढे प्रसिद्ध झाल्या. त्यांनुसार कर्कलंड या निवासगृहाच्या अपाचे सर्व्हरवर फोल्डर सूची उघडी होती. त्यामुळे सूचीतील सर्व फाइली ओळीने उतरवून घेणारी ‘डब्ल्यूगेट’ ही छोटी आज्ञावली चालवणे पुरेसे ठरले. एलियट या निवासगृहाने सूची बंद ठेवली होती. परंतु तेथील शोधचौकटीत काहीही न लिहिता शोध घेतला असता सर्व छायाचित्रे एकाच पानावर येत आणि ते पान साठवले की छायाचित्रेही साठवली जात.

ही दोन निवासगृहे शेजारी-शेजारी ठेवून पाहिली असता या विषयाचा गाभा स्पष्ट होतो. एकाने सूची बंद केली नव्हती. दुसऱ्याने ती बंद केली होती, पण छायाचित्र मागणारा कोण आहे हे विचारले नव्हते. परिणाम मात्र दोन्हीकडे सारखाच झाला.

हार्वर्ड क्रिमसन या विद्यार्थी-दैनिकाच्या वृत्तानुसार, बंद होण्यापूर्वी फेसमॅशला सुमारे ४५० जणांनी भेट दिली आणि किमान २२,००० वेळा मते नोंदवली गेली. विद्यार्थिनी व विद्यार्थी संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला. झुकेरबर्गने क्षमा मागितली. सुरक्षेचा भंग, स्वामित्वहक्काचा भंग आणि व्यक्तींच्या खाजगीपणाचा भंग असे आरोप ठेवून विद्यापीठाच्या शिस्तमंडळापुढे चौकशी झाली, मात्र त्याला काढून टाकण्यात आले नाही. २०१० च्या ‘द सोशल नेटवर्क’ या चित्रपटात हा प्रसंग दाखवला आहे. ज्यांची छायाचित्रे तुलनेसाठी वापरली गेली, त्या विद्यार्थ्यांनी सर्व्हरच्या विन्यासाबाबत कोणताही निर्णय घेतलेला नव्हता. अशा प्रकरणांत दार उघडे ठेवणारा एक आणि त्याची झळ सोसणारा दुसराच असतो.

सूची बंद करण्याच्या पद्धती

पुढील पद्धतींत येणारे सूचनाशब्द प्रत्यक्ष फाइलीत रोमन लिपीत लिहावे लागतात. येथे त्यांचा उच्चार दिला आहे.

रिकामी इंडेक्स फाइल : फोल्डरमध्ये ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ या नावाची रिकामी फाइल ठेवली, की सर्व्हर यादीऐवजी तीच पाठवतो आणि पाहणाऱ्याला कोरे पान दिसते. ही पद्धत कोणत्याही सर्व्हरवर, काहीही शिकल्यावाचून वापरता येते. मात्र प्रत्येक उपफोल्डरमध्ये अशी फाइल ठेवावी लागते आणि पुढल्या महिन्यात आपोआप तयार होणारा नवा फोल्डर तिच्याविनाच राहतो.

अपाचे : विन्यास फाइलीत किंवा त्या फोल्डरमधील ‘डॉट एचटीॲक्सेस’ या नावाच्या फाइलीत ‘ऑप्शन्स’ हा शब्द लिहून, मोकळी जागा सोडून, वजाचिन्हासह ‘इंडेक्सेस’ हा शब्द लिहितात. ही सूचना त्या फोल्डरखालील सर्व उपफोल्डरना लागू होते. वजाचिन्ह गाळल्यास अर्थ उलटा होऊन सूची चालू होते. संपूर्ण सर्व्हरवर कोठेही सूची नको असेल, तर मॉड-ऑटोइंडेक्स हा घटकच वगळता येतो.

एन्जिनएक्स : येथे ‘ऑटोइंडेक्स’ या सूचनेचे मूल्य ‘ऑफ’ असावे लागते. ते मुळातच तसे असते. म्हणून एन्जिनएक्सवर सूची दिसत असेल, तर कोणीतरी ती मुद्दाम चालू केली आहे असे समजावे.

आयआयएस : व्यवस्थापन-खिडकीत संकेतस्थळ किंवा फोल्डर निवडून ‘डिरेक्टरी ब्राउझिंग’ हा पर्याय बंद करतात. त्यानंतर सर्व्हर ४०३.१४ हा संकेत देतो.

शेअर्ड होस्टिंग : एकाच सर्व्हरवर अनेकांना जागा भाड्याने देणाऱ्या सेवांमध्ये मुख्य विन्यास फाइल ग्राहकाच्या हाती नसते. अशा ठिकाणी सीपॅनेल हे नियंत्रणफलक असल्यास, त्यातील ‘इंडेक्सेस’ या विभागात फोल्डर निवडून ‘नो इंडेक्सिंग’ हा पर्याय स्वीकारता येतो.

क्लाउड साठवण : ॲमेझॉनच्या एस-थ्री या सेवेत यादी पाहण्याची परवानगी आणि एखादी फाइल वाचण्याची परवानगी या दोन वेगळ्या असतात. चित्रे सर्वांना दिसावीत म्हणून वाचण्याची परवानगी देताना यादीचीही परवानगी दिली जाण्याची चूक अनेकांकडून झाली आहे. एप्रिल २०२३ पासून या सेवेत नव्याने केलेल्या साठ्यांवर सार्वजनिक प्रवेश मुळातच बंद असतो.

पडताळणी

सूचना लिहिल्याने सूची बंद झाली असे गृहीत धरता येत नाही. अपाचेच्या मुख्य विन्यासात ‘अलाउ-ओव्हरराइड’ या सूचनेचे मूल्य ‘नन’ असेल, तर डॉट एचटीॲक्सेस ही फाइल वाचलीच जात नाही आणि सूची पूर्वीसारखीच उघडी राहते. याउलट, ती फाइल वाचली जात असूनही ‘ऑप्शन्स’ बदलण्याची मुभा नसेल, तर ५०० हा दोषसंकेत येऊन त्या फोल्डरमधील चित्रेही दिसेनाशी होतात. तसेच वरच्या फोल्डरमध्ये बंद केलेली सूची खालच्या एखाद्या फोल्डरमधील वेगळ्या सूचनेने पुन्हा चालू झालेली असू शकते.

म्हणून ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, संकेतस्थळावर प्रवेश न करता, फोल्डरचा पत्ता टाकून पाहणे हीच खरी कसोटी होय. त्यासाठी एखाद्या चित्राचा पत्ता घेऊन त्यातून शेवटचे नाव पुसावे, नंतर एकेक पायरी वर जात प्रत्येक फोल्डर तपासावा. ‘४०३’ म्हणजे परवानगी नाही आणि ‘४०४’ म्हणजे सापडले नाही. नकाराचा नेहमीचा संकेत ४०३ हा असला, तरी फोल्डर असल्याचेही कळू द्यायचे नसेल तर सर्व्हरने ४०४ द्यावा, अशी मुभा जून २०२२ च्या आरएफसी ९११० या एचटीटीपीविषयक मानकात दिलेली आहे. या पाहणीनंतर संकेतस्थळावरील चित्रे नेहमीप्रमाणे दिसत आहेत ना, हेही पाहावे लागते.

सूची काही काळ उघडी राहिली असेल तर ती आधी कोणी पाहिली का, याचा माग सर्व्हरच्या नोंदवहीत लागू शकतो. शोधयंत्रांनी तिची नोंद घेतली असल्यास त्यांच्या चालकांसाठीच्या सोयीतून ती वगळण्याची विनंती करता येते. मात्र वेबॅक मशीनसारख्या संग्रहांत किंवा कोणाच्या संगणकावर गेलेली प्रत सूची बंद केल्याने परत येत नाही.

सूची बंद करण्याच्या मर्यादा

सूची बंद केल्यावर चित्राचा पत्ता अंदाजाने काढता येतो का, हा पुढचा प्रश्न उरतो. चित्रांना १, २, ३ असे क्रमांक दिलेले असतील किंवा हजेरी क्रमांकावरून नावे ठेवलेली असतील, तर यादीची गरजच भासत नाही; एक आकडा बदलला की पुढचे चित्र उघडते. मे २०१९ मध्ये अमेरिकेतील फर्स्ट अमेरिकन या मालमत्ता-व्यवहार क्षेत्रातील कंपनीच्या संकेतस्थळावर, पत्त्यातील क्रमांक बदलून सुमारे ८८ कोटी ५० लाख दस्तऐवज परवलीच्या शब्दाशिवाय पाहता येत असल्याचे पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी उघडकीस आणले. तेथे फोल्डर सूचीचा काहीही संबंध नव्हता.

अशा घटनांत दोष कोणाचा, हा प्रश्न कधी कधी पोलिसांपर्यंत जातो. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताच्या माहिती-अधिकार संकेतस्थळावरून, पत्त्यातील क्रमांक बदलत सुमारे ७,००० दस्तऐवज उतरवून घेतल्याबद्दल एप्रिल २०१८ मध्ये एका १९ वर्षांच्या तरुणावर कारवाई झाली. त्यांतील सुमारे २५० दस्तऐवजांत नागरिकांची संवेदनशील माहिती होती. ते सर्व कुलूप नसलेल्या जागी ठेवलेले होते. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी हे प्रकरण आरोप न ठेवता बंद केले.

सूची बंद करण्याला पर्याय म्हणून सुचवले जाणारे काही उपाय प्रत्यक्षात वेगळ्या कामाचे आहेत. ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल शोधयंत्रांना कोठे जाऊ नये हे सांगते. १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी सुचवलेला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ म्हणून मानक झालेला हा संकेत केवळ विनंतीवजा आहे. ती फाइल कोणालाही वाचता येते. त्यामुळे तिच्यात खाजगी फोल्डरचे नाव लिहिणे म्हणजे त्याचा पत्ता जाहीर करणे होय. उजवी कळ दाबण्यास केलेली मनाई ब्राउझरपुरती असते, सर्व्हरला तिची जाणीवही नसते. दुसऱ्या संकेतस्थळांनी आपली चित्रे परस्पर लावू नयेत म्हणून केलेला बंदोबस्त ‘रेफरर’ या माहितीवर अवलंबून असतो आणि ती माहिती मागणाऱ्याकडून येत असल्याने खोटीही असू शकते.

चित्रांचे प्रत्यक्ष रक्षण

जी चित्रे सर्वांसाठी नाहीत, ती वेबवरून थेट पोहोचता येईल अशा फोल्डरमध्ये न ठेवणे हा मूळ उपाय होय. अशी चित्रे सर्व्हरवर, परंतु संकेतस्थळाच्या मुख्य फोल्डरबाहेर ठेवली जातात. मागणी आल्यावर संकेतस्थळाची आज्ञावली मागणारा कोण आहे व त्याला हे विशिष्ट चित्र पाहण्याचा अधिकार आहे का, हे तपासते आणि मगच चित्र पाठवते. आज्ञावलीने केवळ परवानगी द्यावी आणि फाइल पाठवण्याचे काम सर्व्हरनेच करावे, यासाठी अपाचेच्या जोडघटकात ‘एक्स-सेंडफाइल’ आणि एन्जिनएक्समध्ये ‘एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट’ अशा सोयी आहेत. क्लाउड साठवणीत ठरावीक मुदतीपुरताच चालणारा स्वाक्षरीयुक्त दुवा देता येतो. लहान संस्थेला हे सर्व जमणारे नसेल, तर त्या फोल्डरला परवलीचा शब्द लावणे हेही सूची बंद करण्यापेक्षा पुष्कळ अधिक संरक्षण देते.

फाइलींना क्रमांकाऐवजी यादृच्छिक व लांब नावे देण्यानेही अंदाज बांधणे अवघड होते. यूयूआयडीच्या चौथ्या प्रकारात १२२ बिटे यादृच्छिक असतात. मात्र असा पत्ता एकदा कोणी दुसऱ्याला पाठवला की गुप्तता संपते. म्हणून हा उपाय पूरक मानावा.

याखेरीज चित्र चढवण्यापूर्वी एक्झिफ माहिती काढून टाकणे, मूळ मोठी प्रत सर्व्हरवर न ठेवणे आणि उपयोग संपलेली चित्रे पुसणे या सवयी फार मोलाच्या ठरतात. जे चित्र सर्व्हरवर नाही, ते कोणत्याही चुकीच्या विन्यासामुळे उघडे पडत नाही.

कायदेशीर बाजू

भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार, ज्या माहितीवरून व्यक्तीची ओळख पटते ती वैयक्तिक माहिती होय. ओळखू येणारे छायाचित्र या व्याख्येत बसते. अशी माहिती बाळगणाऱ्याने तिच्या रक्षणासाठी वाजवी सुरक्षा-उपाय योजावेत, अशी तरतूद कलम ८ मध्ये आहे. ते न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद अधिनियमाच्या अनुसूचीत आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास कलम ९ नुसार पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. त्यामुळे विद्यार्थ्यांची छायाचित्रे ठेवणाऱ्या संस्थांसाठी हा विषय केवळ तांत्रिक राहत नाही. दुसरीकडे, मालकाच्या परवानगीविना संगणकातून माहिती उतरवून घेणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. म्हणून उघडी सूची दृष्टीस पडल्यास तिच्यातील फाइली साठवून न घेता संकेतस्थळाच्या चालकास कळवणे हा योग्य मार्ग होय.